हिशेबाचे एक पान

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात नित्याच्या व्यवहारास उपयोगी पडतील अशी काही व्याख्याने ठेवावीत, असे विश्वस्त मंडळाने ठरविले आणि त्यांतील एक पुष्प गुंफण्याची जबाबदारी माझ्यासारख्या सामान्य कापड व्यापाऱ्यावर सोपविली, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मला सुचविलेला विषय होता ‘संगणक आणि हिशेब’. विषय फार मोठा आणि वक्ता फार लहान. मी संगणकतज्ज्ञ नाही. पुस्तपालन शिकून बी.कॉम. झालो आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या गादीवर बसलो. यास्तव त्या मोठ्या विषयातील एक अगदी लहानसा तुकडा मी आज निवडला आहे. संगणकावर तयार केलेला हिशेबाचा तक्ता कागदाच्या एका पानावर नीट कसा बसवावा, एवढेच मी बोलणार आहे.

आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित दिसते आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी व्याख्यान कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. मलाही एकेकाळी तसेच वाटत असे. माझे मत कशामुळे बदलले, ते आधी सांगतो.

साधारण २००८ सालची गोष्ट. दुकानातील खाती नुकतीच संगणकावर घेतली होती. दिवाळीपूर्वी सर्व उधारीच्या गिऱ्हाइकांना खाते उतारा पाठविण्याची आमची जुनी रीत. पूर्वी मुनीमजी हाताने उतारे लिहीत. त्या वर्षी मी प्रथमच ते एक्सेलमध्ये तयार केले. उताऱ्यात नऊ रकाने होते: तारीख, बिल क्रमांक, तपशील, मीटर, दर, बिलाची रक्कम, परत माल, जमा आणि बाकी. पडद्यावर उतारा मोठा देखणा दिसत होता. मी छपाईचे बटण दाबले आणि दुसऱ्या कामास लागलो.

प्रत्येक उताऱ्याची दोन-दोन पाने निघाली. पहिल्या पानावर बिलाच्या रकमेपर्यंतचे सहा रकाने. परत माल, जमा आणि बाकी हे तीन रकाने दुसऱ्या पानावर गेले. त्या दुसऱ्या पानावर ना गिऱ्हाइकाचे नाव, ना तारीख, नुसते आकडे. दुकानातील मुलाने पहिली पाने पाकिटांत घातली आणि दुसरी पाने चुकून छापली गेली असे समजून कच्च्या कामासाठी बाजूला ठेवली. त्या मुलाचा दोष नव्हता. ते पान पाहून कोणालाही तसेच वाटले असते.

तालुक्याच्या गावी आमचे एक जुने किरकोळ दुकानदार होते. वडिलांच्या काळापासूनचा घरोबा. मी त्यांना अण्णा म्हणत असे. त्यांच्या हाती जो उतारा पडला, त्यात वर्षभराचे प्रत्येक बिल होते आणि त्यांनी दिलेला एकही रुपया नव्हता. त्यांनी पत्र पाठविले नाही, दूरध्वनी केला नाही. चौथ्या दिवशी एस.टी.ने स्वतः आले, फडक्यात बांधलेली आपली वही गादीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “भाऊ, तीस वर्षांत तुमच्या घरचा एक पैसा माझ्याकडे बुडाला का, तेवढे बघून सांगा.”

मला प्रथम काहीच उमगेना. उतारा पाहिला तेव्हा अंगाला घाम फुटला. कच्च्या कागदांच्या गठ्ठ्यातून त्यांचे दुसरे पान शोधून काढले. त्याच्या पाठीवर कोणीतरी मापे लिहिली होती. दोन्ही पाने शेजारी-शेजारी ठेवली, ओळीला ओळ लावली आणि हिशेब त्यांच्या वहीशी पैन् पै जुळला. अण्णांनी चहा घेतला, घरची विचारपूस केली, राग धरला नाही. परंतु ज्या गृहस्थाने तीस वर्षांत कधी पावती मागितली नव्हती, त्याने त्या दिवसापासून प्रत्येक रकमेची पावती मागून घेतली. पावती मागणे हा त्यांचा हक्कच होता. पण ती मागावीशी वाटली, याला कारण माझे ते अर्धे पान होते. हे मला आजही लागून राहिले आहे.

आता दुसरी चूक. पुढच्या वर्षी मी सावध झालो. संगणकाच्या पुस्तकात वाचले की ‘फिट टू’ नावाची एक सोय असते. तिच्यात एक पान रुंद, एक पान उंच असे सांगितले की कितीही मोठा तक्ता एकाच पानावर येतो. मी तसे केले आणि खरोखरच सारे एका पानावर आले. अण्णा पुन्हा दुकानी आले तेव्हा त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेले, मग हातभर लांब धरले आणि शेवटी नातवाकडे देत म्हणाले, “वाच रे बाबा, मला तर मुंग्यांची रांग दिसते.”

पहिल्या वर्षी हिशेब तुटला होता. दुसऱ्या वर्षी तो पूर्ण होता, पण वाचता येत नव्हता. ज्याच्यासाठी उतारा काढला, त्याच्यापर्यंत तो दोन्ही वेळा पोहोचला नाही. तेव्हापासून या विषयाकडे मी गांभीर्याने पाहू लागलो.

ही अडचण मुळात येते कोठून? माझ्या वडिलांच्या काळी दुकानात लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या असत. त्यांच्या पानांवर छापील रेघा नसत. वहीपूजन झाले की मुनीमजी पानांना घड्या घालून सळ पाडीत. डावीकडचे सळ जमेचे, उजवीकडचे नावेचे. कोणत्या सळात तपशील आणि कोणत्या सळात रक्कम, हे पहिला आकडा लिहिण्यापूर्वीच ठरलेले असे. म्हणजे आधी पान आणि मग आकडे. त्यामुळे हिशेब पानाबाहेर जाण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

संगणकाने हा क्रम उलटा केला. अशा तक्त्याला इंग्रजीत जे नाव आहे, तेही वहीवरूनच पडले आहे. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला हिशेबाचा तक्ता, असा त्याचा मूळ अर्थ. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन या दोघांनी अॅपल कंपनीच्या संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ हा कार्यक्रम तयार केला. त्यानंतर १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आला. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ साली प्रथम मॅकिंटॉश संगणकावर आले आणि १९८७ साली विंडोजवर. पडद्यावरच्या या वहीला शिवणही नाही आणि कडाही नाही. उजवीकडे सरकत जावे तितके रकाने मिळत जातात.

किती मिळतात? एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका तक्त्यात २५६ रकाने आणि ६५,५३६ ओळी होत्या. २००७ च्या आवृत्तीपासून १६,३८४ रकाने आणि १०,४८,५७६ ओळी झाल्या. मी कापडाचा माणूस, म्हणून हे मीटरमध्ये मोजून पाहिले. नेहमीच्या मापाचा एक रकाना सुमारे १.७ सेंटीमीटर रुंद असतो. सर्व रकाने छापले तर रुंदी सुमारे २७७ मीटर होईल आणि सर्व ओळींची उंची साडेपाच किलोमीटरच्या आसपास जाईल. आणि आपल्या हातातील ए-४ कागदाचा पन्हा किती? २१ सेंटीमीटर! कापडाचा पन्हा न पाहता कोणी कात्री चालवीत नाही. पण हिशेब छापताना आपण नेमके तेच करतो.

ही तक्रार आजची नाही. डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्रे आपल्यापैकी पुष्कळांनी वापरली असतील. इंचाला दहा अक्षरे या हिशेबाने आठ इंचांत ऐंशी अक्षरे बसत. त्याहून रुंद तक्ता असेल तर अक्षरे दाटीने छापावी लागत. १९८० च्या दशकात ‘साइडवेज’ नावाचा एक स्वतंत्र कार्यक्रमच निघाला होता. तो तक्ता आडवा फिरवून सलग कागदाच्या लांबीच्या दिशेने छापीत असे. एवढ्या एका कामासाठी लोक वेगळे पैसे मोजत, यावरून अडचण किती जुनी आहे ते ध्यानी यावे.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. कागदाच्या मापापासून आरंभ करतो. ए-४ कागद २१ सेंटीमीटर रुंद आणि २९.७ सेंटीमीटर उंच असतो. एक्सेल डाव्या-उजव्या बाजूस साधारण १.८ सेंटीमीटर आणि वर-खाली सुमारे १.९ सेंटीमीटर समास सोडते. म्हणजे उभ्या कागदावर लिहिण्यास १७.४ सेंटीमीटर रुंदी आणि २५.९ सेंटीमीटर उंची उरते. कागद आडवा धरला तर रुंदी २६.१ सेंटीमीटर होते. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवावेत. आणखी एक गोष्ट तपासावी. अमेरिकेत ‘लेटर’ मापाचा कागद चालतो. तो आपल्या ए-४ पेक्षा किंचित रुंद आणि पावणेदोन सेंटीमीटरने आखूड असतो. संगणकात चुकून ते माप निवडलेले राहिले, तर घरात ए-४ कागद असूनही पाने भलत्याच ठिकाणी तुटतात.

आता माझ्या त्या उताऱ्याचे गणित पाहा. नऊ रकान्यांची एकूण रुंदी २४ सेंटीमीटर आणि सुमारे पंचाण्णव ओळींची उंची ५० सेंटीमीटर. रुंदी उभ्या पानात बसविण्यासाठी तक्ता ७२ टक्क्यांवर आणणे पुरेसे होते. पण मी उंचीही एकाच पानात कोंबली, म्हणून संगणकाने सगळा तक्ता ५२ टक्क्यांच्या खाली नेला. अकरा पॉइंटाचे अक्षर साडेपाच पॉइंटाचे झाले. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. साडेपाच पॉइंट म्हणजे दोन मिलिमीटरही नाही. आणि गंमत अशी की पानाच्या उजव्या बाजूस पाच सेंटीमीटर जागा रिकामीच राहिली होती! उंचीच्या हट्टापायी रुंदीही आक्रसली होती.

यावरून पहिला नियम निघतो. लांब यादी असेल तेव्हा फक्त रुंदी एका पानात बसवावी आणि उंची मोकळी सोडावी. एक्सेलच्या ‘पेज लेआउट’ या भागात ‘विड्थ’पुढे एक पान निवडावे आणि ‘हाइट’पुढे ‘ऑटोमॅटिक’ ठेवावे. छपाईच्या पडद्यावर हीच सोय ‘फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज’ या नावाने मिळते. तिच्या शेजारीच ‘फिट शीट ऑन वन पेज’ अशी दुसरी ओळ असते. ही दुसरी ओळ म्हणजे माझी मुंग्यांची रांग. एक्सेल तक्ता दहा टक्क्यांपर्यंत लहान करू शकते; तो वाचता येतो की नाही, हे ते विचारीत नाही. माझ्या अनुभवाने ७० टक्क्यांच्या खाली जाऊ नये. ए-३ कागदाची ए-४ वर छायाप्रत काढताना ७१ टक्के घेतात. साधारण तेवढ्यापर्यंत वडीलधाऱ्यांचे डोळे साथ देतात.

दुसरा नियम असा की लहान करणे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. त्याआधी बरेच काही करता येते. आधी तक्त्यातील फापटपसारा शोधावा. पुष्कळदा दूर कोठेतरी एखाद्या चौकटीत चुकून पडलेले एखादे अक्षर किंवा टिपणासाठी केलेली बेरीज राहून जाते आणि तिच्यापायी कोरी पाने छापली जातात. कंट्रोल आणि एंड ही दोन बटणे एकत्र दाबली की संगणक तक्त्याचा शेवट कोठे समजतो, ते कळते. नंतर जेवढा भाग छापायचा तेवढाच निवडून ‘प्रिंट एरिया’ ठरवावा. ‘पेज ब्रेक प्रिव्ह्यू’ या दृश्यात गेल्यास पान कोठे तुटणार, त्या निळ्या रेषा दिसतात. मुनीमजींच्या सळांसारख्याच या रेषा समजाव्यात; फरक इतकाच की त्या आपल्याला मागाहून दिसतात.

त्यानंतर रकाने आटोपशीर करावेत. पुष्कळदा आकडा पाच अंकी असतो, पण वरचे शीर्षक लांबलचक असल्यामुळे रकाना रुंद होतो. ‘रॅप टेक्स्ट’ या सोयीने शीर्षक दोन ओळींत घ्यावे म्हणजे रकाना निम्म्यावर येतो. मात्र येथे काळजी हवी. रकाना आकड्यापेक्षा अरुंद झाला तर आकड्याच्या जागी जाळीसारख्या खुणा येतात. त्या निदान दिसतात तरी. नावांच्या बाबतीत मात्र शेजारची चौकट भरलेली असेल तर नावाचा शेवट गुपचूप झाकला जातो. गिऱ्हाइकाचे अर्धे नाव छापून पाठविणे शोभत नाही.

पैसे काढून टाकले की जागा वाचते, हेही खरे. पण त्यात एक खाच आहे. समजा, १०० रुपये ४० पैशांची तीन बिले आहेत. पैसे झाकले की पानावर तीन वेळा १०० दिसतात आणि बेरीज मात्र ३०१ दिसते, कारण संगणकाच्या पोटात ती ३०१ रुपये २० पैसे असते. आपल्या समाजातील ज्येष्ठ मंडळी तोंडी बेरीज करणारी आहेत. असा एक रुपया त्यांच्या नजरेतून सुटत नाही आणि मग सगळ्याच पानाविषयी शंका येते. म्हणून एकतर पैसे दाखवावेत, नाहीतर ‘आकडे पूर्ण रुपयांत दर्शविले आहेत’ अशी टीप पानावर स्पष्ट लिहावी.

कागद आडवा करणे हा पुढचा सोपा उपाय. समास कमी करणे हा त्यानंतरचा. परंतु फाइलला भोके पाडायची असतील तर डावीकडे दोन सेंटीमीटर तरी सोडावेत. नाहीतर तारखेच्या मधोमध भोक पडते. एवढे सर्व झाल्यावर जो थोडा भाग बाहेर उरेल, तेवढ्यापुरताच तक्ता लहान करावा.

आता तिसरा नियम सांगतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पान कोण वाचणार आहे, हे ठरवून रकाने निवडावेत. माझ्या उताऱ्यातील नऊ रकाने कोणासाठी होते? तपशील, मीटर आणि दर हे तिन्ही बिलावर असतातच आणि बिल गिऱ्हाइकाकडे असते. ते मी केवळ संगणकात होते म्हणून छापले. अण्णांना काय पाहायचे होते? माल कधी आला, पैसे कधी दिले आणि आता काय राहिले. मी ते तीन रकाने छपाईपुरते झाकले. उरले सहा: तारीख, बिल अथवा पावती क्रमांक, बिलाची रक्कम, परत माल, जमा आणि बाकी. रुंदी सोळा सेंटीमीटर झाली आणि उभ्या कागदावर, एकही अक्षर लहान न करता, तक्ता बसला. झाकलेले रकाने पुसले जात नाहीत. ते संगणकात जसेच्या तसे राहतात.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. रकाने झाकण्याचा अधिकार आपल्या हाती आला म्हणजे जबाबदारीही आली. वाचणाऱ्याला नको असलेले झाकावे, आपल्याला अडचणीचे असलेले झाकू नये. जागा नाही या सबबीवर ‘जमा’ किंवा ‘परत माल’ गाळला, तर ते पान सुबक दिसेल पण खरे राहणार नाही. नकळत तसे घडले तेव्हा काय झाले, ते मी आपणास सांगितलेच आहे.

मग पंचाण्णव ओळींचे काय? त्या एका पानात बसत नाहीत आणि बसवूही नयेत. मी आता दोन भाग करतो. पहिले पान गोषवाऱ्याचे: आरंभीची बाकी, बारा महिन्यांच्या बारा ओळी, एकूण बिले, एकूण परत माल, एकूण जमा आणि शेवटची बाकी अंकी व अक्षरी. हे एकच पान वाचले तरी खाते समजते. मागे सविस्तर उताऱ्याची दोन पाने जोडतो. त्या पानांसाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत. एक म्हणजे, ‘प्रिंट टायटल्स’ या सोयीने गिऱ्हाइकाचे नाव आणि रकान्यांची शीर्षके प्रत्येक पानाच्या माथ्यावर यावीत. दुसरी म्हणजे, पानाच्या पायाशी ‘पान १ पैकी ३’ असा क्रमांक यावा. २००८ साली त्या दुसऱ्या पानावर नाव आणि क्रमांक असता, तर दुकानातल्या मुलाने ते कच्च्या कागदांत टाकलेच नसते.

शेवटी छपाईपूर्वी ‘प्रिव्ह्यू’ पाहावा आणि एकूण किती पाने निघणार तो आकडा वाचावा. उतारा दुसऱ्याच्या संगणकावर पाठवायचा असेल तर एक्सेलऐवजी पीडीएफ करून पाठवावा, कारण छपाईयंत्र बदलले की एक्सेलमध्ये पान तुटण्याची जागाही बदलू शकते. पीडीएफमध्ये पाने ठरल्याप्रमाणे राहतात. ज्यांना एक्सेल विकत घ्यावयाचे नाही, त्यांच्यासाठी लिबर ऑफिसचे ‘कॅल्क’ विनामूल्य मिळते. त्यातही रुंदी-उंचीनुसार तक्ता बसविण्याची सोय आहे. गूगल शीट्समध्ये छापताना ‘फिट टू विड्थ’ निवडावे.

जाता जाता संस्थेच्या कामाचा एक उल्लेख करतो, कारण हा विषय तेथेही लागू पडतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये विश्वस्त संस्थांचा ताळेबंद अनुसूची आठच्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊच्या नमुन्यात तयार होते. ताळेबंदाच्या एका बाजूस निधी व देणी असतात आणि दुसऱ्या बाजूस मालमत्ता व येणी. दोन्ही बाजूंच्या बेरजा समोरासमोर दिसाव्यात, हाच त्या मांडणीचा हेतू आहे. ताळेबंदाची डावी बाजू एका पानावर आणि उजवी दुसऱ्या पानावर छापून फलकावर लावली आणि वाऱ्याने एक पान उडाले, तर वाचणाऱ्याला फक्त देणीच दिसतील! म्हणून ताळेबंद एका पानावरच असावा. आवश्यक तर कागद आडवा घ्यावा किंवा ए-३ घ्यावा. देणग्यांची यादी मात्र खुशाल चार पानांची असू द्यावी; फक्त प्रत्येक पानावर शीर्षक आणि क्रमांक असावा. ज्यांनी दहा रुपये दिले त्यांचेही नाव चष्म्याशिवाय वाचता यावे, एवढा अक्षरांचा आकार हवा. सभासद फलकापुढे उभे राहून आपले नाव बोटाने शोधतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

बंधू-भगिनींनो, मी फार वेळ घेतला. मी सांगितले ते सारे थोडक्यात असे: आधी वाचणारा ठरवा, मग कागदाचे माप पाहा, मग नको असलेले रकाने झाका, उरलेले आटोपशीर करा, कागद आडवा करून पाहा आणि सर्वांत शेवटी, तेही ७० टक्क्यांपर्यंतच, तक्ता लहान करा. पाने एकाहून अधिक झाली तर त्यांना नाव आणि क्रमांक द्या. नवा तक्ता करतानाच पानाचे माप ठरवून घेतलेत, म्हणजे मुनीमजींप्रमाणे आधी सळ पाडलेत, तर यातील निम्मी खटपट वाचेल.

अण्णांना सहा रकान्यांचा पहिला उतारा दिला, त्या दिवशी ते गादीवर बराच वेळ बसले होते. चष्मा न लावता त्यांनी गोषवारा वरपासून खालपर्यंत वाचला, आपल्या वहीशी ताडून पाहिला आणि त्या पानाची घडी घालून वहीत ठेवली. “आता समजले,” एवढेच म्हणाले. आज त्यांच्या दुकानी त्यांचा मुलगा बसतो. आमचा उतारा दर दिवाळीपूर्वी जातो आणि तो पाकिटात घालण्यापूर्वी पाने मी स्वतः मोजतो. पावती मात्र तेव्हापासून प्रत्येक रकमेची देतो. आता ती कोणाला मागावी लागत नाही.